उशीचं वजन अठरा किलो

२ फेब्रुवारी

आज साहेबांनी भर मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर एका उशीचा फोटो लावला. साधी पांढरी उशी, प्लास्टिकच्या पिशवीत, वर आमच्या यंत्राने चिकटवलेली चिठ्ठी: वजन अठरा किलो. सगळे खो खो हसले. मीही हसले असते, पण ती चिठ्ठी ज्या प्रोग्रामने छापली तो माझ्या गळ्यात आहे.

पार्सलांच्या मोठ्या गोदामात फिरता पट्टा असतो, पट्ट्याखाली वजनकाटा. पार्सल आलं की आमचं यंत्र काट्याला विचारतं, किती? काटा सांगतो, चिठ्ठी निघते. काट्याशी बोलणारा तुकडा, म्हणजे ड्रायव्हर, कर्नेलमध्ये राहतो. आणि कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. कुणाला किती वेळ द्यायचा, कुणाची कुठवर वाट पाहायची, सगळं तोच ठरवतो. मागच्या महिन्यात आम्ही यंत्रात नवा कर्नेल घातला आणि तेव्हापासून उशांच्या अंगावर मांस चढलंय. ड्रायव्हर लिहिणारा माणूस नोकरी सोडून केव्हाच गेला. त्याचं काय जातंय.

घरी आले तेव्हा दिवसभर बाबांजवळ थांबणाऱ्या बाई चप्पल घालून दारातच उभ्या. बाबांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. हातपाय बरेच सुधारले, काठी घेऊन चालतात. बोलणं मात्र परतलं नाही. एखाददुसरा शब्द येतो, तोही कशाचा कशाला मेळ नसलेला. वाचा-उपचाराच्या बाईंनी सांगितलंय, रोज काय बोलतात ते लिहून ठेवा, आणि त्यांना वेळ द्या. वेळ! तो कुठल्या दुकानात मिळतो ते नाही सांगितलं.

तर लिहिते. "बाबा, चहा टाकू?" गप्प. "टीव्ही लावू?" "हो." लावला. तर टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघराकडे बघत बसले.

४ फेब्रुवारी

ड्रायव्हरला मलमपट्टी केली. काटा वेळेत बोलला नाही तर त्याला पुन्हा विचारायचं, तरी गप्प तर आणखी एकदा. समोरच्याला ऐकू गेलं नसेल तर आपण दुसरं काय करतो? दुपारपर्यंत गोदामात पाठवून दिलं. साहेब खूश.

माझा कोड तपासणारा सहकारी मात्र नाही. त्याला आम्ही शंकासुर म्हणतो आणि त्याला ते आवडतं. म्हणाला, "पण काटा बोलत का नाही, हे आधी बघायला नको का? म्हणजे समज, जर त्याला..."

"बघू नंतर," मी म्हटलं. गोदामवाल्यांचे फोन याला थोडेच येतात.

सकाळची नोंद: बाबा सकाळी बरे असतात. उठल्यावर "झोप लागली का?" विचारून मी आंघोळीला जाते, आणि केस पुसत बाहेर आले की म्हणतात, "लागली." एवढं एकच बोलणं दिवसभरात जागच्या जागी असतं. पुढे डोकं थकत असावं.

५ फेब्रुवारी

आगीतून फुफाट्यात. गोदामाचे मुकादम सकाळीच फोनवर.

"मॅडम, काल तुम्ही काय केलंत? आधी दिवसातून चार-दोन पार्सलं चुकायची. आता अख्खा पट्टा चुकतोय. व्यायामाची डंबेल्स पाव किलो. पाव किलो, मॅडम! माझ्या माणसाच्या पायावर पडलं ना, तर चिठ्ठी दाखवू का त्याला?"

"यंत्र बंद करून पुन्हा चालू करून बघा."

"ते केलं की थोडा वेळ शहाण्यासारखं वागतं. मग पुन्हा आहेच."

मलमपट्टी काढून घ्यावी लागली. शंकासुर नुसता चहा ढवळत राहिला. त्या चमच्याचा आवाज अजून डोक्यात जातोय.

संध्याकाळी दादाचा फोन. दादा माझा थोरला भाऊ, दुसऱ्या गावी असतो आणि तिथून इथला संसार चालवतो. उंटावरचा शहाणा. त्याने ज्येष्ठांच्या एका निवासात बाबांचं नाव घालून ठेवलंय. म्हणे, "छोटे, तुझ्याने नाही होणार. तू दिवसभर ऑफिसात, ते त्या बाईंबरोबर चार भिंतीत. निदान जाऊन बघून तरी ये."

मी म्हटलं, बाबा आपलं घर सोडून कुठेही जाणार नाहीत. तो म्हणाला, त्यांना विचारलंस का? मी म्हटलं, विचारायचं काय त्यात?

तरी फोन ठेवल्यावर विचारलं. "बाबा, तिकडे निवासात राहायला जाल?" काही नाही. नजर खाली. बघा, विषयसुद्धा नको त्यांना. मी म्हटलं, "बरं जाऊ दे. खिडकी उघडू का?" "हो." उघडली, तर पाच मिनिटांत कुडकुडायला लागले. मीच बंद केली. थंडी वाजत होती तर हो कशाला म्हणायचं?

८ फेब्रुवारी, रविवार

बाबांना घेऊन गेले निवास बघायला. दादाचं तोंड बंद व्हावं म्हणून.

तिथे दोन विभाग आहेत. मोकळा विभाग आणि बंद विभाग. मोकळ्यात माणसं आपली आपण हिंडतात, बाहेर फिरून येतात. बंद विभाग ज्यांचं भान हरवलंय त्यांच्यासाठी. त्याच्या दाराला आकड्यांचं कुलूप, आत एकसारख्या खुर्च्या, खुर्च्यांत माणसं भिंतीकडे बघत. मला आत दोन मिनिटं उभं राहवलं नाही. कोणाला कुठे ठेवायचं ते डॉक्टर तपासणी करून ठरवतात. बाबांची तारीख पण देऊन टाकली त्यांनी, सव्वीस. दादाने परस्पर ठरवलेलं! मला तिथेच इतका राग आला की व्यवस्थापकबाईंशी उगाच तोडून बोलले.

मोकळ्या विभागात मोठं दालन आहे. चार म्हातारे पत्ते खेळताना कडाकडा भांडत होते, एकजण तर टेबलावर मूठ आपटत होता. बाबा दारातच थांबले, काठीवर रेलून. हलेचनात. बिचारे घाबरले असणार एवढ्या गलक्याला. दंडाला धरून आणलं बाहेर.

गाडीत बसवलं. "कसं वाटलं?" गप्प. "पट्टा घट्ट झालाय का?" "छान." घट्ट पट्टा छान! आता यावर काय बोलावं माणसाने. "आता घरी जायचं ना?" गप्प. "एसी कमी करू?" "नको."

दादाला कळवून टाकलं. बाबांना जागा अजिबात आवडली नाही, परत यायच्या वाटेवर धड बोललेसुद्धा नाहीत.

तो म्हणाला, "ठीक आहे. डॉक्टर म्हणाले त्यांना समजतंय, तर ते सांगतील तसं. पण समजत नाही म्हणाले, तर छोटे, मग बंद विभाग. असं माणूस दिवसभर एका बाईच्या भरवशावर ठेवता येणार नाही. माझंही ते वडील आहेत."

म्हणजे सगळं सव्वीस तारखेवर आलं. बाबांना समजतं, हे मला माहीत आहे. पण मी लिहून ठेवलेलं वाचलं तर कोण मानेल?

११ फेब्रुवारी

आज दिवसभर कर्नेलची कागदपत्रं वाचली. ती लिहिणाऱ्यांना एकदा समोर बसवून विचारायचंय, की बाबांनो, हे कुणासाठी लिहिलंत?

वाट पाहायची एक सोय असते कर्नेलमध्ये. तिला सांगायचं, अमुक वेळ थांब. उत्तर आलं तर उठव, नाहीतर वेळ संपल्यावर उठव. आता ती परत येऊन काय सांगते? वेळ संपला असेल तर शून्य, आणि उत्तर आलं असेल तर उरलेला वेळ. कर्नेलमध्ये बाकी सगळीकडे शून्य म्हणजे 'सगळं ठीक', फक्त या बाईसाहेबांचं शून्य म्हणजे 'कोणी आलं नाही'! आणि आमच्या पळून गेलेल्या महाशयांनी नेमकी इथेच माती खाल्ली आहे. शून्य आलं की यांचा ड्रायव्हर म्हणतो, वा, उत्तम, पुढचं पार्सल घ्या. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याचं काही म्हणणं नाही, असं धरून चालणारा मूर्ख.

एवढं सापडलं तरी अर्धंच आहे. काटा गप्प का बसतो, ते आहेच.

झोपायच्या नावाखाली आणखी वाचत बसले. एक ठिकाण आवडलं. कर्नेल वेळ मोजतो ते टिकांमध्ये, म्हणजे त्याच्या घड्याळाच्या ठोक्यांत, आणि तो आकडा कधीतरी भरून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. त्या क्षणी कच्चा हिशोब करणाऱ्यांची फजिती होते. पण हा क्षण महिन्यांनी यायचा, कोण वाट बघणार? म्हणून त्यांनी घड्याळ मुद्दामच असं लावलंय की यंत्र चालू झाल्यावर पाच मिनिटांतच आकडा भरतो. काय चुकायचं ते सुरुवातीलाच चुका. असा खवट शहाणपणा मला फार पटतो. लग्नातही अशी सोय असती तर माझी कितीतरी वर्षं वाचली असती.

१३ फेब्रुवारी

सापडलं! आणि सापडल्यावर इतका संताप आला की कीबोर्ड आपटला.

ड्रायव्हरमध्ये लिहिलंय, पन्नास थांब. बाजूला टीप: 'अर्धा सेकंद, पुरे.' पन्नास काय? टिका! आणि टिकेची लांबी काही देवाने ठरवलेली नाही, प्रत्येक कर्नेलमध्ये ती वेगळी लावता येते. जुन्यात सेकंदाला शंभर टिका पडायच्या, पन्नास म्हणजे अर्धा सेकंद, बरोबर. नव्या कर्नेलमध्ये सेकंदाला हजार. पन्नास टिका म्हणजे इतका थोडा वेळ, की डोळ्याचं पातं लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. टीप मात्र अजून छाती काढून उभी, अर्धा सेकंद, पुरे! आकड्यापुढे एकक लिहायला याचं काय जात होतं? खरा वेळ लिहिला की त्याच्या टिका करून देणारी सोय कर्नेलमध्ये फुकट मिळते. ती वापरायची नाही, मनातलं गणित मांडायचं आणि निघून जायचं.

जड, डुगडुगणारं पार्सल आलं की काट्याला स्थिर व्हायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात आमचा उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधून पुढच्या पार्सलापाशी हजर.

मीटिंगमध्ये मी म्हटलं, एक पूर्ण सेकंद थांबू. साहेब तयार होईनात, पट्टा संथ होईल म्हणे. तेव्हा मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. बाबा जुन्या सामानाचे लिलाव पुकारायचे. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात, बाबांनी तर तीन पायांची टेबलं विकली. तोफखाना होता तोंडात. पण 'दोन वार' म्हटलं की एकदम थांबायचे. इतका वेळ, की माणसं चुळबुळायला लागायची. मी लहानपणी विचारायची, तीन वार का नाही म्हणत पटकन? ते म्हणायचे, "मागच्या रांगेतला माणूस हात वर करायला लाजतो गं. खरी बोली त्याचीच असते." आणि तस्संच व्हायचं. साहेबांना गोष्ट पटली. एक सेकंद मंजूर. शंकासुर म्हणाला, "तुझे वडील भेटायला हवेत एकदा."

"आता काय भेटणार," मी म्हटलं. "आता बोलतात कुठे ते."

१६ फेब्रुवारी

एक सेकंद करूनही दिवसाला दोन-तीन तक्रारी आहेतच. रडावंसं वाटलं. स्वतःच गोदामात गेले आज.

मुकादम माणूस वाटला त्यापेक्षा बरा निघाला. मला पट्ट्याच्या कडेला स्टूल दिलं. धूळ, खोक्यांचा वास, पट्ट्याची घरघर. बघत राहिले. कोणीतरी एकाच खोक्यात पाण्याचे कॅन भरून पाठवले होते, ते डुचमळत आलं, काट्याला सेकंदभरही ठरेना. चिठ्ठी कोरी निघाली. ठीक, हे मीच सांगितलंय, उत्तर नाही तर कोरी चिठ्ठी. मागून आली बुटांची पेटी. तिच्यावर एकवीस किलो! त्यामागून पुस्तकांचा गठ्ठा आला, त्याच्यावर बुटांचं वजन. त्यामागच्यावर पुस्तकांचं.

काटा एकदाही खोटं बोलला नव्हता. प्रत्येक वजन अचूक होतं, फक्त एका घराने सरकलेलं. पाण्याचं उत्तर उशिरा आलं तेव्हा आम्ही बुटांचा प्रश्न विचारून बसलो होतो, म्हणून ते बुटांना चिकटलं. आणि एकदा सरकलं की रांग संपेपर्यंत सरकलेलंच. चार तारखेची माझी ती तीन-तीनदा विचारायची मलमपट्टी म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. जितके प्रश्न जास्त, तितकी उत्तरं जास्त जुनी.

मुकादमांना समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे काट्याचा काही दोष नाही?"

"काडीचाही नाही."

"आणि आम्ही दोन काटे भंगारात दिले की हो!"

१८ फेब्रुवारी

इलाज साधा निघाला. नवा प्रश्न विचारायच्या आधी जुनं काही यायचं राहिलंय का ते बघ, ते येऊ दे, बाजूला ठेव, मगच तोंड उघड. आज दिवसभरात एकही चूक नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. शंकासुराने कोड मंजूर करताना एकही शंका काढली नाही, हे पहिल्यांदाच घडलं असावं.

घरी येऊन कोणाला सांगायचं? बाबांनाच सांगितलं. खुर्ची ओढून समोर बसले आणि काटा, पट्टा, एका घराने सरकलेली वजनं, सगळं हातवारे करून सांगितलं. ते माझ्याकडे टक लावून बघत होते. ओठ हलत होते. एकदम माझं मनगट घट्ट धरलं त्यांनी. "काय बाबा? दुखतंय? पाणी हवंय? बाथरूमला जायचंय?" हात सोडून दिला. डोळे मिटले आणि मान हलवत राहिले. नक्की काय हवं होतं कळलंच नाही. माझा सगळा आनंद गेला.

२२ फेब्रुवारी, रविवार

तपासणी चार दिवसांवर आली. आज बाबांची तयारी घ्यायला बसले.

"बाबा, आज वार कोणता?" काही नाही. "वार, बाबा. आज कोणता वार आहे?" ओठ हलले तोवर मी जरा मोठ्याने म्हटलं, ऐकू येत नसेल म्हणून, "आज, कोणता, वार?" डोळे मिटून घेतले. महिना विचारला, तीच तऱ्हा. माझ्या हातातला चमचा दाखवला, हे काय आहे? हे काय आहे बाबा? चमचा दिसत नाही का तुम्हाला?

ओरडले मी. लिहायला लाज वाटते पण ओरडले. "तुम्हाला त्या कुलपाच्या खोलीत टाकतील, कळतंय का? भिंतीकडे बघत बसावं लागेल. एक शब्द बोला ना! मी एकटीने किती भांडू दादाशी?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. भाजी करपली. बऱ्याच वेळाने बाहेरून आवाज आला, "रविवार." मी म्हटलं, "हो बाबा, रविवार. काय उपयोग आता." नळ सोडला आणि करपलेलं भांडं घासायला घेतलं. मधेच "चमचा" असंही म्हणाले बहुतेक. वाटलं, जेवायला मागताहेत. वाढलं, तर खाल्लं नाही.

मला वाटायला लागलंय की दादाचंच खरं असेल. असं लिहिताना हात जड होतो. मी ज्या बाबांसाठी भांडतेय ते आत उरलेच नसतील तर?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जसं घडलं तसं लिहिते.

डॉक्टरांची खोली लहान. टेबल, त्यावर कॉम्प्युटर, एक खुर्ची बाबांना, एक मला. दादा फोनवर, फोन टेबलावर पालथ्या कपाला टेकवून उभा केलेला. डॉक्टर तरुण, नम्र, पण बाहेर रांग लागलेली. नजर पडद्यावर आणि बोटं कीबोर्डवर.

"काका, आज वार कोणता?"

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. डॉक्टरांनी टाइप केलं. खिशातून किल्ली काढून दाखवली.

"बरं, हे काय आहे?"

"गुरुवार," बाबा म्हणाले.

फोनमधून दादाचा सुस्कारा ऐकू आला. डॉक्टरांनी टाइप केलं. माझ्याकडे बोट केलं.

"ही कोण, काका?"

"किल्ली."

संपलं, असं वाटलं. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "हरकत नाही. पाच आणि तीन किती होतात?"

बाबांनी माझं नाव घेतलं. पूर्ण नाव, शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. झटका आल्यापासून एकदाही घेतलं नव्हतं.

आणि मी त्या खोलीत नव्हतेच. मी गोदामात स्टुलावर बसले होते आणि समोरून बुटांची पेटी चालली होती, एकवीस किलोची.

"थांबा," मी म्हटलं. डॉक्टर पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडत होते. "काही विचारू नका. प्लीज. एक उत्तर यायचं राहिलंय."

"म्हणजे?"

"गप्प बसा ना!" डॉक्टरांना म्हटलं मी हे. "दादा, तूसुद्धा."

भिंतीवरचा पंखा, बाहेर कोणाचा तरी खोकला. बाबा माझ्याकडे बघत होते. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे पाहिलं. मला वाटलं मी वेडी ठरणार. आणि मग कोणी काहीही विचारलेलं नसताना बाबा म्हणाले,

"आठ."

डॉक्टरांची बोटं कीबोर्डवरून खाली आली. त्यांनी पडद्यावर लिहिलेलं पुन्हा वाचलं, वरून खाली. मग पडदाच बाजूला सरकवला, खुर्ची पुढे घेतली. एक प्रश्न विचारला आणि हाताची घडी घालून बसले. उत्तर आलं. बरोबर होतं. दुसरा विचारला. तेही बरोबर. प्रत्येक उत्तराला इतका वेळ लागत होता की माझ्या जिभेला मुंग्या आल्या. पण सगळं होतं आत. एकही वजन खोटं नव्हतं.

"यांना सगळं समजतंय," डॉक्टर म्हणाले. "आपणच..." आणि वाक्य अर्धवट सोडलं.

मी बाबांचा हात धरून रडत होते. फोनमधून दादाचा आवाज फाटलेला. "बाबा, मला माहीत नव्हतं हो. बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय सांगा. घरी ना? घरीच राहायचंय ना? बाबा..."

"दादा, एकदाच," मी म्हटलं. "आणि मग गप्प."

त्याने एकदाच विचारलं. मी मनात बाबांचं उत्तर आधीच ऐकत होते. आता दादाला समजेल, मी इतके दिवस कशासाठी भांडत होते ते. बाबांच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"तिकडे," ते म्हणाले.

मला वाटलं रांग पुन्हा सरकली. आधीच्या कुठल्या प्रश्नाचं असेल हे. मी थांबले, आणखी काही येतंय का बघितलं. काही आलं नाही. हेच उत्तर होतं, याच प्रश्नाचं. आणि एकदम ते दालन आठवलं, टेबलावर मूठ आपटणारा म्हातारा, आणि दारात काठीवर रेललेले बाबा, ज्यांना मी दंडाला धरून ओढत आणलं. आयुष्यभर माणसांच्या गर्दीपुढे उभा राहिलेला माणूस.

"तिकडे?" मी म्हटलं. "निवासात? का बाबा?"

आणि मी थांबले. खरंच थांबले. मधे काही सुचवलं नाही, पाणी हवंय का विचारलं नाही. डॉक्टर थांबले, दादा थांबला. बाहेरची रांग थांबली होतीच. बाबांनी माझा हात हातात घेतला, त्यावर दुसरा हात ठेवला, आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाले,

"तू. फार. बोलतेस."

दादा फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. मी बोलायला तोंड उघडलं. बाबांच्या चेहऱ्यावर अजून काहीतरी चाललं होतं, ओठ पुन्हा जुळत होते. मी तोंड मिटलं आणि बसून राहिले.